यशराजचे अकरा सेकंद

ही घडलेली गोष्ट आहे.

रात्रीची नाही. भर दुपारची. गुरुवार, १८ नोव्हेंबर १९९९. सांगलीत, हळदीच्या पेठेमागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावरची खोली.

खोलीत तिघे होते. दोघांनी सांगितलेली हकीकत शब्दाशब्दाला जुळते. तिसऱ्याला त्यापुढचंही माहीत होतं. ते त्याने बरेच दिवस कुणाला सांगितलं नाही. ते दोघे म्हणजे एक जोडपं; त्यांच्या गावाचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही.

तिसरा म्हणजे मुकुल. लोकांच्या व्हिडिओ कॅसेट संगणकावर घेऊन द्यायचं काम तो करायचा. अशी सोय तेव्हा सांगलीत फार थोड्यांकडे होती. काम सोपं, पण वेळखाऊ. व्हीसीआरची वायर संगणकाला जोडायची, कॅसेट लावायची आणि बसून राहायचं. तासाच्या कॅसेटला तासच लागतो. घाई करून चालत नाही.

दीड वाजता सातारा तालुक्यातलं एक जोडपं जिना चढून वर आलं. मानसिंग, निवृत्त हवालदार. आणि त्यांची बायको बनुबाई. तिच्या पिशवीत टॉवेलात गुंडाळलेली कॅसेट होती.

"सुरवातीची चार मिनटं सोडा," बनुबाई म्हणाली. "मग माझा ल्योक हाय. अकरा सेकंद. जास्त न्हाई."

यशराज सीमेवर गेला, तेव्हा मानसिंगांनी घरावर डिशची छत्री बसवली होती. रोज संध्याकाळच्या बातम्या ते टेप करायचे. दुसऱ्या दिवशी दोघं त्या पुन्हा बघायचे. न जाणो, एखादा चेहरा नजरेतून सुटला असेल.

जूनमध्ये एकदा तो दिसला.

बर्फाचा उतार. चढणारे चार जवान. चौथा यशराज. त्याने एकदा मागे वळून कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि इतरांमागून चढून गेला.

एकोणीस दिवसांनी पेटी घरी आली. पेटी उघडू दिली नाही.

म्हणजे आईने पाहिलेला शेवटचा चेहरा कॅसेटवरचाच. कॅसेट रोज लावून लावून त्या चेहऱ्यावर आता पांढऱ्या रेघा पडत होत्या. अजून काही दिवसांत तोही पुसला गेला असता.

"मी म्हनलं हुतं, रोज लावू नगो, झिजंल," मानसिंग म्हणाले.

"आनि मी म्हशीकडं गेले की गुपचूप कोन लावतं? हवालदारसायेब, आवाज बारीक केला म्हंजी मला कळत न्हाई व्हय?"

मानसिंग खिडकीबाहेर बघू लागले.

मुकुलने कॅसेटची झडप उचलून फीत पाहिली. चुरगळली होती. "काकू, ही अजून दोन-तीनदाच चालेल."

"पर एकदा आत घेतलं की मग झिजत न्हाई न्हवं?"

"नाही. संगणकात काही झिजत नाही."

हे वाक्य मुकुलला पुढे फार आठवत राहिलं.

त्याने कॅसेट लावली. शेजारच्या छोट्या टीव्हीवर चित्र उमटलं. चौघे चढले, चौथ्याने वळून पाहिलं, चौघे गेले. अकरा सेकंद. मुकुलने बटण दाबून थांबवलं.

संगणकावर फाईलची लांबी दिसली...

सव्वीस सेकंद.

थांबवायला उशीर झाला असेल, असं त्याला वाटलं. त्याने फाईल लावली. तीन जवान चढून गेले. चौथा मागे वळला...

आणि तसाच उभा राहिला.

"ह्यो तर चालत जातो," मानसिंग हळूच म्हणाले. "कितींदा बघितलंय मी."

मुकुलने कॅसेट पुन्हा लावली. टीव्हीवर यशराज नेहमीसारखा चढून गेला. संगणकावर मात्र तो उभाच होता. फाईल आता दोन मिनिटांची झाली होती.

निवेदिकेचा आवाज गेला होता. नुसता वारा. आणि वाऱ्याच्या मागे काहीतरी...

टुक... टुक... टुक...

मुकुलने खिडकी लावून घेतली. स्पीकरची वायर दाबून पाहिली. आवाज चित्रातूनच येत होता.

बनुबाईने पदर तोंडाशी नेला.

"गिरन," ती म्हणाली. "आमच्या गावची पिठाची गिरन हाय ही."

मानसिंग खुर्चीवर बसले. मग त्यांनीच मुकुलला सांगितलं. सुट्टी संपवून यशराज निघाला, त्या सकाळी बनुबाई त्याच्यासाठी सातूचं पीठ दळायला गेली होती. गिरणीचा पट्टा तुटला. तो जोडेपर्यंत पाऊण तास गेला. फाट्यावर एसटी आली. यशराजने दोनदा कंडक्टरच्या विनवण्या करून गाडी थांबवून धरली. तिसऱ्यांदा कंडक्टरने ऐकलं नाही. बनुबाई पळत पोचली, तेव्हा गाडी वळणाआड जात होती. डबा तिच्या हातातच राहिला.

"अजून फाट्यावरच हाय त्यो," बनुबाई म्हणाली. "माझी वाट बघतोय."



"काकू," शेवटी मुकुल म्हणाला, "हे असंच सीडीवर देऊ का?"

"दे की," मानसिंग घाईने म्हणाले. "आवाज कसला बी असू दे. अकरा सेकंदाची दोन मिनटं झाल्याती. दिसतोय न्हवं त्यो."

बनुबाई पडद्याकडे बघत होती. याच चेहऱ्यासाठी ती दोन एसट्या बदलून आली होती. आता तो झिजणार नव्हता. कुठे जाणारही नव्हता.

"आवं, थंडीत हुबा हाय त्यो," ती म्हणाली. "असा कसा न्यायचा घरी?"

ती उठली. पडद्याच्या काचेवर तिने तळवा ठेवला.

"जा बाळा. गाडी चुकंल. पीठ झालंय बग. तू हो म्होरं, मी आनते मागनं."

पडद्यावर यशराजने...

मान हलवली.

मुकुल हे शपथेवर सांगतो. मग यशराज वळला. सावकाश चढत चढत दिसेनासा झाला. गिरणीचा आवाज थांबला.

रिकामा उतार उरला.

मुकुलने कॅसेट तिसऱ्यांदा लावली. आधीच्या बातम्या ठीक होत्या. पण त्या अकरा सेकंदांच्या जागी नुसत्या पांढऱ्या मुंग्या होत्या. चेहरा कुठेच राहिला नव्हता. मानसिंग कपाळाला हात लावून बसले.

बनुबाईने तरीही सीडी करून मागितली.

"काकू, हिच्यात काही नाही आता. मोकळी जमीन आहे."

"असू दे. त्यो गेल्याली वाट हाय ती."

दोन्ही साक्षीदारांची हकीकत इथे संपते.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मुकुल जागा करण्यासाठी जुन्या फाईली पुसत होता. वेळ सकाळची, अकराची. पुसण्याआधी त्याने यशराजची फाईल उघडून पाहिली.

दोन मिनिटांची फाईल आता चार तासांची झाली होती.

उतार रिकामा नव्हता...

यशराज परत आला होता. गिरणीचा आवाज बंद होता. वाराही नव्हता. तो एका दगडावर बसला होता आणि खालच्या वाटेकडे बघत होता. कॅमेऱ्याकडे नाही. वाटेकडे.

मुकुलने संगणक बंद केला. कुणाला काही सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी मानसिंगांचा फोन आला.

"लय उपकार झालं, मुकुलराव. आता रातभर झोपतीया ती. रडत बी न्हाई. फकस्त एक नवीन खूळ घेतलंय."

"काय?"

"सातूचं पीठ दळून आनलंय. डबा भरून दाराशी ठिवलाय, चपलांजवळ. मी म्हनलं कुनासाठी, तर हासती. म्हनती, कवा निघावं लागंल सांगता येत न्हाई... गाडी चुकाय नको या बारीला."

मुकुल "बरं" एवढंच म्हणाला.

ती फाईल त्याने अजून पुसलेली नाही. उघडलेलीही नाही.