गव्हाच्या दाण्याएवढी जागा

"एवढ्या साऱ्या गाड्या केल्यास दादा, आता एक आपली कर ना," कमल सहज बोलून गेली, आणि वसंतरावांच्या हातातली कानस पत्र्यावर जिथे होती तिथेच थांबली...

खिडकीजवळच्या टेबलावर दुपारचं ऊन पडलं होतं. भिंतीवरच्या काचेच्या कपाटात एकेचाळीस गाड्या ओळीने उभ्या होत्या. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, ठोकून, झाळून केलेली लँडमास्टर, दारं उघडणारी फियाट, स्टँडर्ड हेराल्ड, विलीज जीप आणि कुण्या संस्थानिकाकडे असावी तशी लांबलचक डॉज. सगळ्या खऱ्या गाडीच्या बरोबर चोविसाव्या हिश्श्याच्या. कुणी त्यांना खेळणी म्हटलं, की भूमिती शिकवता शिकवता केस पांढरे झालेला हा निवृत्त मास्तर दोन दिवस फुगून बसे. पत्र्याचं काम त्यांचं आणि आतल्या सीटा कमलच्या. जुन्या पर्सचं रेक्झिन कापून ती नखाएवढ्या सीटा अशा शिवायची, की भिंगातून पाहिलं तरी टाका दिसू नये! वसंतरावांची बायको वंदना वारल्यापासून राजघाटाजवळच्या त्या घरात भाऊ-बहीण दोघंच होती, आणि त्यांच्या दिवसांना या गाड्यांनीच काहीतरी आकार दिला होता.

"जुन्या गाडीचं बॉनेट उचललं ना, की सगळं समोर दिसायचं. कार्बोरेटर, डायनामो, पंख्याचा पट्टा... काही लपलेलं नसायचं," असं वसंतराव शाळेतल्या प्रदर्शनात मुलांना दरवर्षी सांगत. आणि दरवर्षी शेवटच्या वाक्याला त्यांची जीभ अडखळे. ते खोकल्याचं निमित्त करून पाणी मागत.

"कोणती आपली?" त्यांनी विचारलं. जसं काही ठाऊकच नव्हतं.

"क्रीम कलरची अ‍ॅम्बेसेडर. आणखी कोणती? काल प्रदर्शनात त्या मॅडमनं विचारलं, तुमच्या घरी होती का कधी गाडी? मले काही बोलताच नाही आलं." कमलने आपला डावा पाय हाताने उचलून नीट ठेवला. तो पाय आखूड होता, घोट्यात वळत नव्हता, आणि फार वेळ बसली की मुंग्या यायच्या. "अडतीस वर्षं झाली. आता नाही राग येत मले त्या गाडीचा."

गाडीचा नाही, असं ती म्हणाली. माणसाचं नाव तिने घेतलं नाही. ते ती कधीच घेत नसे. गावातल्याच लालबागेत राहणारा सख्खा भाऊ समाधान तिच्या लेखी अडतीस वर्षांपूर्वीच संपला होता. बाजारात समोरून आला तर ती पदर सावरून, लंगडत लंगडत रस्ता ओलांडायची, आणि वसंतराव हातातल्या पिशव्या सांभाळत मुकाट तिच्यामागून जायचे.

काय सांगणार होते ते तिला?

त्या वैशाखात रावेरचं लग्न उरकून तिघं परत येत होती. वडिलांची गाडी समाधान भाड्याने चालवायचा. सहा फुटी उंच पोर, स्टेअरिंगवर हात ठेवला की गाडी त्याचं ऐकायची. मोठा वसंता बुटका, हुशार, आणि शाळेतल्या नोकरीची ऑर्डर खिशात घेऊन फिरणारा. लायसन नव्हतं, पण हौस दांडगी. "थोडी दे ना रे चालवायला," म्हणून त्याने हट्ट धरला, आणि थोरल्या भावाला नाही म्हणणं समाधानला कधी जमलंच नाही. मागे कमल झोपी गेली होती. एकोणीस वर्षांची, लग्न ठरलेली. दिवेलागणीला वळणावर अचानक बैलगाडी आडवी आली, वसंताचा पाय ब्रेकऐवजी भलतीकडेच पडला, आणि गाडी मोरीच्या कठड्यावर जाऊन आदळली...

धूळ खाली बसायच्या आत समाधानने त्याला ओढून बाहेर काढलं होतं. कपाळातून रक्त वाहत होतं त्याच्या, पण आवाज शांत होता. "दादा, तू इकडं बस. गाडी मी चालवत होतो. तुले आईची शपथ, कोणाले बोलायचं नाही."

कमलचा पाय गेला. ठरलेलं लग्न मोडलं. खटला समाधानवर चालला, लायसन गेलं, वडिलांनी गाडी विकली आणि धाकट्या मुलाला दार बंद केलं. तो लालबागेत खोली घेऊन पॉवरलूमवर कामाला लागला, आणि पुन्हा कधी स्टेअरिंगला त्याने हात लावला नाही. वसंता मात्र मास्तर झाला, वसंतराव झाला. बहिणीला आपल्या घरी आणून जन्मभर सांभाळणारा देवमाणूस झाला! अख्खी गल्ली त्यांचं कौतुक करायची, आणि प्रत्येक कौतुकाने त्यांच्या काळजाला एक घर पडायचं. बोलायला कितीदा ओठ उघडले, पण आईची शपथ आठवायची. शपथ किती सोयीची असते, हे त्या माणसाइतकं कुणाला कळलं नसेल.

पण कमलने मागितलेलं त्यांनी कधी नाकारलं नव्हतं. महिनाभर ते गाडी घडवत राहिले. गोलाकार छत त्यांनी चार वेळा ठोकून केलं. ग्रीलच्या एकेक पट्टीसाठी डोळे ताणले, टॉर्चच्या बल्बांच्या काचांचे हेडलाइट बसवले, क्रीम रंगाचे तीन हात दिले. कमलने पुढची सलग सीट मरून रेक्झिनची शिवून दिली. ती सीट आत चिकटवण्याआधी त्यांनी जागा मापली. समाधान चालवायचा तेव्हा सीट पार मागे सरकवलेली असायची, त्याच्या लांब पायांसाठी. त्या संध्याकाळी बुटक्या वसंताने ती सहा इंच पुढे ओढून घेतली होती. ते सहा इंच चोविसाव्या हिश्श्यात जेमतेम गव्हाच्या दाण्याएवढे होतात. एवढंसं कोण बघणार होतं? वसंतरावांनी सीट मागे ढकलली आणि डिंक लावला.

धनत्रयोदशीला गाडी पुरी झाली. कमलने ती दोन्ही हातांनी उचलली, डोळ्यांजवळ नेली, दारं उघडली, मिटली. मग तिने बारीक सुई घेतली आणि पुढच्या सीटमागची जागा चाचपली.

"दादा, इथं चुकलं तुझं."

"काय?"

"मागं जागाच नाही ठेवली. नेहमी असंच असायचं, ते खरं. गुडघे टेकायचे माझे सीटले, मी भांडायची. पण त्या दिवशी चांगली जागा होती. मी पाय पसरून झोपले होते ना, म्हणून तर धक्का बसल्यावर त्या खाचेत घसरले, अन् पाय सीटखाली अडकला." ती हे अगदी साधेपणाने, शिवणातली चूक दाखवावी तसं सांगत होती. "तू तर मापात कधी चुकत नाहीस."

वसंतरावांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत संशयाचा लवलेश नव्हता.

"चुकलं असेल माप," ते म्हणाले.

"असू दे. कर सावकाश नीट," असं म्हणून ती करंज्या तळायला आत गेली.

ज्या माणसाने आयुष्यात स्वतःचं माप चुकल्याचं कबूल केलं नव्हतं, त्याने ते आज किती चटकन कबूल केलं होतं! एक खोटं झाकायला दुसरं, आणि ती दोन्ही तिने डोळे मिटून खरी मानली. तिच्या पायाला गिळणारी ती खाच त्यांच्याच हाताने झाली होती, हे आजवर त्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं. सीट ओढली नसती, तर कदाचित... वसंतराव कपाळावर हात मारून बसून राहिले. आतून तुपाचा खमंग वास येत होता, कमल काहीतरी गुणगुणत होती. त्यांना वाटलं, हे असंच चालू द्यावं, उरली किती वर्षं आपली. मग त्यांनी पातळ पातं घेतलं, सीट उखडली, आणि दाण्याएवढी पुढे सरकवून बसवली.

"कमू," त्यांनी हाक मारली. "बाहेर ये. गॅस बंद करून ये."

ती आली. त्यांनी तिला सगळं सांगितलं. शपथेसकट, ब्रेकसकट, खिशातल्या ऑर्डरसकट. सांगताना ते रडत होते, हात जोडत होते, आणि कमल झारा हातात धरून नुसती उभी होती.

मग ती बोलली, तेव्हा तिचा आवाज ओळखू येत नव्हता.

"पाय गेला तो अपघात होता, दादा. तो तुझ्या हातून झाला काय, त्याच्या हातून झाला काय. पण बाबा गेले तेव्हा तो ओट्याखाली उन्हात उभा होता. त्याले आत येऊ देऊ नका म्हणून मीच ओरडले होते. तू माझ्या शेजारी होतास." ती थांबली. "माझ्याच हातानं माझा भाऊ तोडू दिलास तू मले. काहून?"



पुढचे तीन दिवस तिने त्यांना जेवायला वाढलं, चहा दिला, पण एक शब्द बोलली नाही. दिवाळीचे दिवे ज्याने त्याने आपापले लावले. पाडव्याच्या संध्याकाळी ती दारात येऊन म्हणाली, "उद्या लालबागले जायचंय. तू पण चल."

भाऊबीजेला ऑटोतून उतरताना तिने वसंतरावांचा पुढे केलेला हात धरला नाही. काठी टेकत स्वतःच पायरी चढली. समाधानची बायको प्रतिभा रांगोळी भरत होती. तिने वर पाहिलं, आणि हातातली चिमूट तशीच राहिली.

"कमलताई... तुम्ही?"

आतून समाधान आला. साठी उलटलेला, लुमांच्या खडखडाटाने कान गेलेला, पाठीत वाकलेला. सहा फुटांचा तो गडी कुठे गेला, असं वाटावं इतका. कमलने काही न बोलता काठी भिंतीला टेकवली, खाली वाकली आणि त्याच्या पायांवर डोकं ठेवलं.

"अगं, हे काय करतेस..." तो मागे सरला. त्याने भावाकडे पाहिलं, आणि सगळं समजला. त्याचा चेहरा कठोर झाला. "सांगितलं ना तू? मी तुले आईची शपथ घातली होती, दादा. आता या वयात काय मिळवलं तू सांगून? मी तर विसरूनही गेलो होतो."

"शपथ तू घातलीस, समाधान. तिच्याआड लपलो मात्र मी," वसंतराव म्हणाले. ते मोठ्याने बोलत होते, कारण धाकट्या भावाला कमी ऐकू येत होतं, आणि म्हणून ते शब्द शेजारच्या दारांपर्यंतही गेले. त्यांनी आवाज खाली आणला नाही. "गाडी मी चालवत होतो."

"अरे, तुझ्या हातात ऑर्डर होती, तुले लायसन नव्हतं. नोकरी लागायच्या आतच गेली असती. माझ्या हातात काय होतं? स्टेअरिंग तेवढं..." एवढं बोलून समाधान आपल्या तळहातांकडे पाहू लागला. त्या 'तेवढं'मध्ये काय काय होतं, हे तिथल्या चौघांनाही ठाऊक होतं.

"भाऊ," कमल म्हणाली. अडतीस वर्षांनी तिच्या तोंडून ही हाक निघाली होती. "मी तुले आत येऊ नाही दिलं. बाबांच्या वेळी."

"तुले कुठं माहीत होतं पोरी." त्याने खडबडीत तळवा तिच्या डोक्यावरून फिरवला. "आलीस ना आता. बस झालं."

मग दोघं एकमेकांना धरून अशी रडली, की प्रतिभेलाही पदर डोळ्यांना लावावा लागला. वसंतराव दाराशी उभे होते. त्या रडण्यात आपल्याला जागा नाही, हे त्यांना कळत होतं.

थोड्या वेळाने प्रतिभेने पाट मांडले. एक नाही, दोन. भाबडी बाई ती, भाऊ दोन म्हणून पाट दोन. समाधानने थोरल्या भावाचा हात धरून त्याला शेजारी बसवलं. कमल निरांजन घेऊन आली. पाय वाकत नव्हता म्हणून प्रतिभेने तिला स्टूल दिलं. तिने समाधानला कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, तबक ओवाळलं. एकदा, दोनदा, तीनदा... राहिलेल्या वर्षांचा हिशेब पुरा करावा तशी ती ओवाळतच राहिली.

"आता दादाले," समाधान म्हणाला.

कमलचा हात थांबला. तिने वसंतरावांकडे पाहिलं. तिच्या पाहण्यात तिरस्कार नव्हता, पण माया शोधू गेलं तर तीही अजून परतली नव्हती.

"दादाले पुढच्या वर्षी," ती म्हणाली.

समाधान काही बोलणार होता. वसंतरावांनी हलकेच त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला थांबवलं. ते पाटावरून उठले, पाट भिंतीशी सरकवला, आणि खाली जमिनीवर बसून धाकट्या भावाच्या कपाळावरचं कुंकू डोळे भरून पाहत राहिले.