पुढच्या सीटवरचा रुमाल

हे वाचून हसणार असाल तर खुशाल हसा. मला कुणाला पटवायचं नाही. झालं तसं सांगतोय, एवढंच.

रात्र नव्हती. मागच्या शुक्रवारची दुपार, अडीचचा सुमार. जागा म्हणजे रोह्याजवळ वरसे, आमचं स्वतःचं घर.

माझा धाकटा भाऊ साईराज मस्कतला कंपनीत आहे. चार वर्षं घरी आलेला नाही. सुट्टी मंजूर झाली की रद्द होते. शेवटी ठरलं, आपणच जायचं. मस्कतला उतरायचं, त्याच्या मित्राची मोठी गाडी घ्यायची आणि सगळ्यांनी मिळून सलालाला जायचं. हजार किलोमीटर. जुलैत तिथे पाऊस असतो म्हणे. इथे कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, आणि आम्ही पाऊस बघायला परदेशात निघालो होतो.

सगळी तयारी माझ्या गळ्यात. नूतनताईच्या पासपोर्टची मुदत संपलेली. तिच्या नवऱ्याला, कमळाकर दाजींना, गाडी लागते. माझी बायको पिंकी रोज सामानाची नवी यादी करायची. मी शिफ्ट संपवून येऊन व्हिसाचे फॉर्म भरत बसायचो. नुसता वैताग.

आणि सगळ्यात मोठा वैताग म्हणजे आई.

साईराजला डोळे भरून बघायचं म्हणून ती झुरत होती. तिच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. पण गाडीतून एवढ्या लांब नको, हे तिचं पालुपद. दहा महिने मी विनवण्या करत होतो.

त्यामागचं कारण मला माहीत होतं, पण ते कुणी बोलायचं नाही.

बाबा रोहा-नागोठणे मिनीडोर, म्हणजे शेअर रिक्षा, चालवायचे. गाडी भरल्याशिवाय सुटायची नाही, हा त्या लाइनीचा नियम. आई बाजाराला आली असली की बाबा शेजारच्या सीटवर आपला चौकड्याचा रुमाल चार घड्या घालून ठेवायचे. मग ती सीट कुणाला मिळायची नाही. आई येऊन बसली की टपावर दोनदा हात मारायचे आणि निघायचे.

एकदा दोघांचं भांडण झालं. आई रागाने एसटीने गेली. बाबा अर्धा तास तिची वाट बघत थांबले. मग ती सीट तशीच रिकामी ठेवून निघाले.

गाडी नागोठण्याला पोचलीच नाही. बाकी सगळे वाचले, बाबा गेले.

तो रुमाल मी माझ्या हाताने चितेवर ठेवला. आईनेच दिला होता.

तर शुक्रवारी ताई आणि दाजी पेणहून, रामवाडीहून आले होते. मी कागदावर गाडी काढली, सीटचे चौकोन आखले. लगेच भांडण. दाजींना गाडी लागते म्हणून पुढची सीट हवी. ताई म्हणे, आईच्या गुडघ्यांचं काय? आई म्हणे, मी येतच नाय तर माझी सीट कशाला धरता. माझं डोकं फिरलं. मी पुढच्या चौकोनात दाजींचं नाव लिहिलं आणि पेन आपटलं.

ठक... ठक.

पत्र्यावर तळहात मारावा तसा आवाज. दारासमोरच.

आम्ही सगळे बाहेर आलो. आईसुद्धा. अंगणात गाडी नव्हती. रस्ता रिकामा. शेजारचं कुत्रं दिवसभर भुंकतं, तेही गप्प. नुसता डिझेलचा वास...

आत आलो.

कागदावर, दाजींच्या नावावर... रुमाल होता.

चौकड्याचा. चार घड्या घातलेला.

मला वाटलं दाजींनी मस्करी केली. मी त्यांना वाटेल ते बोललो. ते पांढरेफटक पडले होते. आई जवळ आली, वाकून बघितलं.

"तुज्या बापाचा हाय," ती म्हणाली.

मी तो उचलून कपाटाच्या खणात कोंबला. मला भीती वाटत होती आणि भीतीचाच राग येत होता. तेवढ्यात साईराजचा व्हिडिओ कॉल आला. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो गाडी दाखवायला पार्किंगमध्ये उतरला होता.

"दादा, ही बघ," म्हणत त्याने पुढचं दार उघडलं. मग थांबला. "हा रुमाल कुणाचा इथे? गाडीला लॉक होतं..."

मी खण उघडला.

खण रिकामा होता.

माझ्या मागून आई शांतपणे म्हणाली, "साई, मी येतेय. पुढं मी बसन."

दहा महिने मी हेच ऐकायला तरसलो होतो. आता मीच नको म्हणतोय तर ती ऐकत नाही. ताई म्हणते, बाबांचा आशीर्वाद असेल. पिंकी म्हणते, आईला अडवू नका, पोराला भेटू दे.

पण मला एकच गोष्ट छळते. बाबांनी सीट धरली ती फक्त आईसाठी. स्वतःसाठी कधीच नाही.

त्यांना सीट धरावी लागायचीच नाही. ते तर गाडी चालवायचे...

गुरुवारचं विमान आहे. आईची बॅग दोन दिवसांपासून दाराशी आहे. आज सकाळपासून तिने मला दोनदा विचारलं,

"भरली का रे गाडी?"