पान दोनशे चौदा

हे माझ्याच बाबतीत घडलं आहे. मैत्रिणीच्या मावशीची गोष्ट नाही आणि कुठून ऐकलेलीही नाही. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं, मी कुणाची मनधरणी करायला बसलेले नाही.

रात्र नव्हती. शनिवार होता, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. खिडकीतून लख्ख ऊन टेबलावर पडलं होतं. त्यामुळेच जास्त राग येतो. अंधार असता तर मनाची समजूत तरी घालता आली असती.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करायची म्हणून तीन वर्षांची रजा घेतली होती. ती संपायला आठ दिवस राहिले होते. पदवी मिळाली नाही तर तीन वर्षं फुकट, बढती गेली, आणि घरी सासूबाई म्हणणार, "मी आधीच सांगितलं होतं." त्या खरंच आधीच म्हणाल्या होत्या. तेच तर दुखणं होतं.

प्रबंध लिहून झाला होता. अडलं होतं ते एका संदर्भावर.

माझा विषय होता लहान मुलांचं मोठ्याने वाचणं. या विषयात एक वाक्य सगळे लिहितात. 'वाचताना चुकल्याक्षणी वर्गासमोर टोकलेली मुलं लवकर वाचायला शिकतात.' खाली संदर्भ असतो तीस-बत्तीस वर्षांपूर्वीच्या एका अप्रकाशित प्रबंधाचा, पान २१४. आमच्या सरांच्या, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांच्या, गाजलेल्या पुस्तकात तो पहिल्यांदा आला. तिथून बारा जणांनी घेतला. तेरावी मी.

मूळ प्रबंध कोणी पाहिला होता?

कोणीच नाही. मीही नाही. सरांनी दिलाय म्हणजे असणारच, असं म्हणून संदर्भसूची जशीच्या तशी उतरवून काढायची. आमच्यात हे सर्रास चालतं. कोणी उघड बोलत नाही इतकंच.

पण बाहेरचे परीक्षक निघाले भलतेच. विद्यार्थी त्यांना 'चाळणी' म्हणतात. त्यांनी प्रबंध परत पाठवला आणि वर शेरा मारला, 'पान २१४ची प्रत जोडा, नाहीतर चौथं प्रकरण काढा.'

चौथं प्रकरण काढायचं म्हणजे प्रबंधाचा कणाच काढायचा.

म्हणून मी त्या जुन्या अध्यापक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेले. तो प्रबंध तिथेच जमा झाला होता. संगणकावर नाव सापडलं नाही. कार्डांच्या लाकडी कपाटात तासभर बोटं काळी केली, तेव्हा कुठे कार्ड मिळालं. संशोधक एक बाई होत्या. मार्गदर्शक... आमचेच सर.

ग्रंथपाल मॅडम डबा खायला गेल्या होत्या. वाचनालयात माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

तिथली पद्धत जुनी. प्रबंध आतल्या खोलीत असतात, तिला सगळे स्टॅक म्हणतात. वाचकाला आत सोडत नाहीत. भिंतीत एक बुटकी खिडकी आहे. नाव आणि दाखल क्रमांक चिठ्ठीवर लिहायचा, ती खिडकीतल्या पत्र्याच्या ट्रेमध्ये टाकायची आणि बसून राहायचं. आतून पुस्तक येतं. खिडकी इतकी खाली, की देणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. दिसलेच तर मनगटापर्यंतचे हात.

मी चिठ्ठी टाकली.

आत शिडी सरकवल्याचा आवाज आला. मग वरून काहीतरी ओढून काढल्याचा. मग फुंकर... धूळ झटकावी तशी.

पावलं मात्र वाजली नाहीत.

मी मान वर केली तेव्हा प्रबंध खिडकीच्या फळीवर होता.

तेव्हा मला काहीच वाटलं नाही, उलट जिवात जीव आला. इतकी तत्पर सेवा सरकारी पैशात कुठे मिळते, असा विचार करत मी तो उचलला. टंकलेखन यंत्रावर छापलेला, तपकिरी पुठ्ठ्याचा. पानं उलटत गेले. एकशे शहाण्णव, एकशे सत्त्याण्णव, एकशे अठ्ठ्याण्णव...

आणि पुठ्ठा.

मी नीट पाहिलं. शिवणीत कागदाच्या बारीक पट्ट्या उरल्या होत्या. कोणीतरी ब्लेडने पानं कापून नेली होती. सबंध निष्कर्षाचं प्रकरण. काम घाईत झालं असावं, एका पट्टीची कड वाकडीतिकडी फाटली होती.

माझं डोकंच फिरलं. आठ दिवस, तीन वर्षं, आणि ही पट्टी! मी तावातावाने दुसरी चिठ्ठी घेतली. तोच दाखल क्रमांक लिहिला आणि पुढे मोठ्या अक्षरात, 'पान २१४ हवे आहे.' वेडेपणाच होता तो. कापलेलं पान कोण देणार? पण कुणावर तरी राग काढायचा होता, आणि खिडकीतल्या माणसावर काढणं सोपं असतं.

चिठ्ठी टाकली.

शिडी वाजली नाही. काहीच वाजलं नाही. वरचा पंखा फिरत होता, त्याचा आवाजसुद्धा मला ऐकू येईनासा झाला.

मग खिडकीतून हात आले.

बाईचे हात होते. राखाडी बाह्या, उजव्या मधल्या बोटाला पेन धरून धरून पडलेला घट्टा. त्यांनी एक सुटा कागद फळीवर ठेवला, माझ्याकडे वळवून... मला वाचता यावा असा.

हात आत गेले.

पान २१४.

मी ते प्रबंधाच्या शिवणीशी नेलं. वाकडीतिकडी कड त्या पट्टीला बरोब्बर जुळली. तंतूला तंतू.

आणि मग मी ते वाचलं.

त्या बाईंनी लिहिलं होतं की वर्गासमोर टोकलेली मुलं आधी हळू वाचतात, मग पुटपुटतात आणि शेवटी वाचणं सोडून देतात. ही पद्धत ताबडतोब बंद करावी. म्हणजे बरोबर उलट. इतकी वर्षं आम्ही सगळे त्यांच्या नावावर जे छापत होतो, त्याच्या नेमकं उलट.

खाली समासात पेन्सिलीने एक ओळ होती. 'सर, हे वाक्य मी बदलणार नाही.'

मी ती ओळ पुन्हा वाचली.

तेवढ्यात मोबाईल वाजला. सर होते.

"काय, सापडलं का गं?"

मी पानावर तळवा ठेवला.

"हे बघ, नसेल मिळालं तर जीव काढू नकोस. जुना कागद आहे, झेरॉक्स निघत नाही, असं मी लिहून देतो. चाळणीला मी बघतो. तू फक्त सही करून पाठव." मग जरा थांबून म्हणाले, "मिळालं नाही ना?"

आवाज नेहमीचाच होता, प्रेमळ. मला मुलगी मानतात ते. माझ्या मुलाच्या आजारपणात स्वतः गाडी घेऊन आले होते.

मी पानाकडे बघितलं. खिडकीकडे बघितलं. आत कोणीतरी अगदी जवळ, भिंतीला लागून उभं आहे, हे मला कळत होतं. कसं कळत होतं ते विचारू नका.

"नाही सर," मी म्हटलं. "नाही मिळालं."

फोन ठेवला आणि मी पान परत फळीवर ठेवलं. ते लगेच कोणी घेतलं नाही. बराच वेळ तसंच पडून होतं... मला अजूनही संधी द्यावी तसं. मग सावकाश आत ओढलं गेलं. प्रबंधही मी तिथेच ठेवला.

ग्रंथपाल मॅडम हात पुसत आल्या. "अगं बाई, तुम्ही थांबलात होय? चिठ्ठी टाकून जायचं ना. सोमवारी मी काढून ठेवते."

"मिळाला की प्रबंध. तुमच्या बाईंनी दिला."

"कुठल्या बाई?"

"खिडकीतल्या."

त्या हसल्या. "खिडकीत कोण बसतंय? शिपाई निवृत्त झाला त्याला पाच वर्षं झाली. दुसरा माणूस देतच नाहीत. मीच ग्रंथपाल, मीच शिपाई, मीच झाडूवाली." त्यांनी कमरेची किल्ली दाखवली. स्टॅकच्या दाराला बाहेरून कुलूप होतं.

माझा चेहरा बघून त्यांनी ते उघडलं. आत कोणी नव्हतं. दुसरं दार नव्हतं. शिडी टोकाच्या भिंतीशी उभी होती. प्रबंध वरच्या फळीवर आपल्या जागी होता, अंगावर बोटभर धूळ. मॅडमनी काढून दिला तेव्हा त्यात सुटं पान नव्हतं. माझ्या दोन्ही चिठ्ठ्याही कुठे नव्हत्या.

"या बाई कोण होत्या?" मी पुठ्ठ्यावरच्या नावावर बोट ठेवलं.

"मी तेव्हा नवीन होते इथे. प्रबंध दिला आणि तोंडी परीक्षेआधीच गेली बिचारी. आठ दिवसांचा ताप. पदवी मिळालीच नाही. तुमच्या सरांनी नंतर पुस्तकात तिचं नाव घातलं. केवढं मोठं मन!"

मी प्रबंध मिटून त्यांच्या हातात दिला.

झेरॉक्स निघत नाही, असं सरांनी लिहून दिलं आणि मी खाली सही केली. तोंडी परीक्षेत चाळणीने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मूळ प्रबंध स्वतः पाहिलात?"

"हो सर."

"आणि त्यात हेच लिहिलंय?"

शेजारी सर बसले होते. ते कागदावर रेघोट्या मारत होते.

"हो सर. हेच."

पहिलं उत्तर खरं होतं. दुसऱ्याला मी काय नाव देऊ?

पदवी मिळाली. सासूबाईंनी शेजारीपाजारी सांगितलं. नवरा म्हणाला, "सुटलीस बाई एकदाची." बढतीही मिळाली. माझा प्रबंध नवा, ताजा, म्हणून शिक्षण खात्याने तोच आधाराला घेतला आणि सगळ्या शाळांना परिपत्रक काढलं. चुकल्याक्षणी वर्गासमोर टोका. तळाशी संदर्भ म्हणून माझं नाव. आता सर मागे राहिले, त्या बाईही मागे राहिल्या. ते खोटं बोलतेय ती मी.

वर्षभर झोप नाही. शेवटी मी ठरवलं, जे व्हायचं ते होऊ दे. एका शैक्षणिक मासिकाला सगळं लिहून पाठवलं. संपादकांचं उत्तर दोन ओळींत आलं. 'आरोप गंभीर आहे. मूळ पानाची प्रत जोडल्याशिवाय छापता येणार नाही.'

सरांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तूच सांगितलंस ना, मिळालं नाही म्हणून?"

तेव्हापासून दर शनिवारी मी तिथे जाते. मॅडमच्या डब्याच्या वेळेला. चिठ्ठी लिहिते, ट्रेमध्ये टाकते, बसते. एकदा तर चिठ्ठीत पाया पडते असंही लिहिलं.

चिठ्ठी जाते. दरवेळी जाते. मी डोळे ट्रेवर रोखून बसले तरी कधी उचलली ते कळत नाही.

पण येत काहीच नाही.

शिडी वाजत नाही. फुंकर ऐकू येत नाही. फक्त भिंतीपलीकडे कोणीतरी उभं असतं... आणि ते मला ओळखतं.

मागच्या आठवड्यात माझ्याच शाळेत तिसरीच्या वर्गात डोकावले. नव्या बाई परिपत्रकाप्रमाणे इमानेइतबारे टोकत होत्या. एक मुलगी उभी होती. मला माहीत आहे ती, पहिलीत असताना दुकानांच्या पाट्यासुद्धा ओरडून वाचायची. आता पुस्तक समोर धरून नुसती उभी. ओठ मिटलेले.

सुट्टीत तिला जवळ घेतलं. म्हटलं, "का गं, वाचत का नाहीस?"

"वाचते ना बाई. मनात वाचते."

"मोठ्याने का नाही?"

तिने आधी वर्गाच्या दाराकडे पाहिलं, मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मनात चुकलं तर कोणी हसत नाही."

पाणी पिऊन ये म्हटलं आणि तिला पाठवून दिलं.

उद्या शनिवार आहे.