मधेच उतरता येत नाही!

"आई, मला तुमच्याशी थोडं बोलायचंय..."

"आधी माझा चष्मा शोधून दे बाई!"

चष्मा सासूबाईंच्या कपाळावरच होता. सूनबाईनं तो अलगद खाली ओढून नाकावर बसवला आणि पुन्हा तोंड उघडलं, तेवढ्यात सासूबाईंना गोळी आठवली, गोळी हातात दिली तर पाणी फार गार निघालं, पाणी कोमट करून आणलं तर डाव्या गुडघ्यातून अशी काही कळ आली की "मेले गं!" करत त्या पलंगावर आडव्याच झाल्या. लॉजच्या त्या परक्या खोलीत, खिडकीबाहेर डोंगरावरचं ते जुनं गाव एकावर एक रचलेल्या घरांनिशी उन्हात झळकत असताना, सूनबाई जमिनीवर फतकल मारून बसली आणि तेलाची बाटली उघडून तो गुडघा चोळू लागली. कालपासून हा कितवा प्रयत्न होता, हे मोजणं तिनं केव्हाच सोडून दिलं होतं. आणि सांगायचं तरी काय होतं? एवढंच, की आई, मला परत शिकवायला जायचंय!

बारा वर्षांपूर्वी ती कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिक्षिका होती. मग एका सकाळी नवरा कामावर गेला आणि परत आला तो चार माणसांच्या खांद्यावरून... पोटी मूल नव्हतं. मुलाच्या दुःखानं सासूबाईंनी अंथरूण धरलं, आणि 'त्या जरा सावरेपर्यंत' म्हणून सूनबाईनं घेतलेली रजा कधी संपलीच नाही. मधल्या काळात दोनदा शाळांची बोलावणी आली, आणि दोन्ही वेळा नेमका तो डावा गुडघा आडवा आला! आता तिची एक जुनी मैत्रीण या डोंगरावरच्या गावात अशाच एका शाळेची मुख्याध्यापिका झाली होती. तिचा फोन आला होता. "मुलं आहेत, शिकवायला माणूस नाही. राहायला खोली देते. पण शनिवारी संध्याकाळपर्यंत काय ते सांग, मग मला दुसरीला विचारावं लागेल."

म्हणूनच, 'आईच्या पंचाहत्तरीला तिला कुठं न्यायचं?' असं नणंदेनं विचारलं, तेव्हा कधी स्वतःचं मत नसलेल्या सूनबाईनं पटकन या गावाचं नाव घेतलं. उभ्या आयुष्यात तिनं केलेलं हे एकमेव कारस्थान! आणि आज शनिवार होता.

"चला, चला, चला! गाडी येऊन उभी राहिली खाली!" दार न वाजवता नणंद आत शिरली. तिच्यामागे जावईबापू. हे गृहस्थ कुठल्याही प्रश्नाला 'बघू' एवढंच उत्तर देत, त्यामुळे त्यांच्या माघारी सगळे त्यांना बघूच म्हणत. "वहिनी, अजून तेलच चोळतेयस? तुला ना, वेळेचं भानच नाही!"

सूनबाईनं तेलाचे हात पुसले. वेळेचं भान... ते तर तिच्याइतकं आज कुणालाच नव्हतं!

गाडी म्हणजे एक छोटी, दोन्ही बाजूंनी उघडी, वर कापडी छप्पर असलेली, बॅटरीवर चालणारी गाडी होती. चालवणारा आणि माहिती सांगणारा माणूस एकच. त्यानं कॉलरला माईक अडकवून आधी नियम ऐकवले. "हात बाहेर काढायचे नाहीत. रस्ता अरुंद आहे, त्यामुळे मधेच उतरता येत नाही. एकदा निघालो की थेट वरच्या बुरुजापाशीच थांबायचं."

गाडी निघाली. फरसबंदी चढावर दात वाजावेत तशी खडखडत ती वेशीतून आत शिरली.

"हा दरवाजा बघा," गाईड म्हणाला, "याच्या फळ्यांवरचे खिळे हत्तीनं टक्कर मारू नये म्हणून..."

"काय म्हणाला गं तो?" सासूबाईंनी विचारलं.

"हत्तीनं टक्कर मारू नये म्हणून खिळे आहेत, आई."

"हत्ती? इथं कुठं हत्ती?"

ते समजावून सांगेपर्यंत जुना हौद मागे गेला. हौद काय होता ते विचारून सांगेपर्यंत चांभारांची गल्ली गेली. पुढच्या बाकावर नणंद फोन उंच धरून सगळ्यांना एका चित्रात कोंबायच्या खटपटीत होती. "वहिनी, जरा हस ना! आईच्या वाढदिवसाला असं तोंड?" आणि बघूराव प्रत्येक इमारतीकडे अशा नजरेनं पाहत होते की जणू तीही पुढेमागे बघू!

सूनबाई मात्र वळणं मोजत होती. रस्ता तिनं मैत्रिणीकडून नीट विचारून घेतला होता. चढाच्या तिसऱ्या वळणावर, डावीकडे... एकदा, फक्त एकदा डोळे भरून ती शाळा पाहायची, मग पुढं जे व्हायचं ते होवो!

"आता डावीकडे बघा. ती निळ्या दारांची इमारत. पूर्वी हे धान्याचं कोठार होतं, आणि आता तिथं कर्णबधिर मुलांची..."

"अगं, माझी चप्पल! चप्पल सुटली! पडली का बघ गं खाली!"

सूनबाई वाकली. चप्पल बाकाखाली पार मागे सरकली होती. तिनं हात लांबवला, डोकं बाकाच्या दांडीवर आपटलं, चप्पल ओढली, सासूबाईंच्या पायात चढवली, आणि ताडकन उठून पाहिलं, तर एका लांबलचक दगडी भिंतीचं शेवटचं टोक मागे चाललं होतं. निळं दार नाही, मूल नाही, काही नाही!

तिच्या डोळ्यांत खळ्ळकन पाणी आलं. इतक्या वर्षांची व्याकुळता, आणि शेवटी काय दिसलं? एक चप्पल!

आणि याच घडीला नणंदेला आनंदाची बातमी सांगायची हुक्की आली. ती मागे वळली. "आई, तुला म्हटलं होतं ना, सरप्राइज आहे म्हणून? आमच्या इमारतीत तळमजल्यावरची जागा रिकामी झालीय. आम्ही ती पक्कीच केली! तू आणि वहिनी पुढच्या महिन्यात तिथं राहायला यायचं. वहिनी चोवीस तास तुझ्याजवळ असेलच, आणि मलाही जाता-येता डोकावता येईल."

"आणि वहिनींना विचारलं का?" कोण जाणे कसं, पण बघूरावांच्या तोंडून हा प्रश्न निघाला.

"तिला काय विचारायचंय? वहिनी कधी नाही म्हणालीय का?"

"गाडी थांबवा!"

हा आवाज कुणाचा, हे पहिल्यांदा कुणालाच कळलं नाही. खुद्द सूनबाईलाही नाही.

"मधेच उतरता येत नाही बाई," गाईड माईकमधून म्हणाला.

"थांबवा म्हणते ना! नाहीतर मी उडी मारीन!"

गाडी करकचून थांबली.

"वहिनी, अगं लोक बघतायत..."

"बघू देत! बारा वर्षांत घरातल्या एकानं तरी माझ्याकडे बघितलंय का? रस्त्यावरची माणसं तरी बघतील!" तिचे शब्द थांबत नव्हते. "शाल कुठंय, गोळी कुठंय, चष्मा कुठंय... सगळं विचारलंत. ही बाई कुठंय, हे कुणी विचारलंत? वन्सं, तुम्ही मला फर्निचरासारखं उचलून तळमजल्यावर ठेवणार? आणि आई, मी कालपासून तुमच्याशी दोन वाक्यं बोलायला धडपडतेय. दोन वाक्यं! मागे ती शाळा आहे. मला तिथं नोकरी मिळतेय. आज शेवटचा दिवस आहे. आणि मला ती शाळा बघताही आली नाही... तुमच्या चपलेपायी!"

ती उतरली. मागे नणंदेचा "वहिनी!" आणि बघूरावांचा "बघू, जरा थांबा," असे दोन्ही आवाज ऐकू आले, पण ती चढ उतरून, ती लांबलचक भिंत धरून, जवळजवळ पळतच त्या निळ्या दारापाशी पोचली.

मधली सुट्टी होती. अंगणात मुलं हुंदडत होती, आणि दाराच्या गजांशी सात-आठ वर्षांची एक मुलगी मुसमुसत उभी होती. सूनबाई पाहतच राहिली. मग तिचे हात आपसूक वर आले. बोटं आखडली होती, एक खूण अर्धवट राहिली, दुसरी चुकली... आणि मग बांध फुटावा तसे हात बोलू लागले. काय झालं? कुणी मारलं का? मुलीनं डोळे पुसले आणि तक्रारींचा नुसता पाऊस पाडला. ढकललं... झोका... माझी पाळी होती... त्यानं ऐकलंच नाही! सूनबाईनं हातांनी सांगितलं, माझंही कुणी ऐकत नाही बघ. त्यावर ती पोर खुदकन हसली.

आणि मग पाठीमागून धापा ऐकू आल्या.

सासूबाई भिंतीला एक हात लावून उभ्या होत्या. पदर घसरलेला, केस विस्कटलेले, चेहरा लालबुंद. एकट्या! तो अख्खा ओबडधोबड फरसबंदी रस्ता त्या चालत आल्या होत्या.

"आई! अहो, गुडघा..."

"गुडघा गेला खड्ड्यात!" त्या धापा टाकत म्हणाल्या. "तुझे हात बघत होते मी मघापासून. हे असं बोलतेस तू? मला... मला कधी कळलंच नाही गं."

सूनबाईनं त्यांचा घसरलेला पदर खांद्यावर सारखा केला.

"दुखतो गुडघा. खोटं नाही सांगत," सासूबाईंचा आवाज बारीक झाला. "पण इतका नाही दुखत."

"म्हणजे?"

"म्हणजे... ते पहिलं बोलावणं आलं, तेव्हा एवढाच दुखत होता. मी एवढा मोठा केला." त्यांनी दोन्ही हातांनी मोठा आकार करून दाखवला. "तू तेल चोळायला बसलीस की वाटायचं, चला, आज तरी ही जात नाही. लेक गेला माझा. तूही गेलीस तर त्या घरात माझ्यावर चिडायला तरी कोण राहणार होतं?"

"मी कधी चिडले तुमच्यावर?"

"मनातल्या मनात रोज चिडतेस. ऐकू येतं मला!"

संताप! निव्वळ, तुडुंब संताप सूनबाईच्या टाळूपर्यंत चढला. किती संध्याकाळी, किती बाटल्या तेल! त्या म्हातारीला धरून गदागदा हलवावं असं तिला वाटलं. ती दोन पावलं पुढे झालीही, दंडही धरले, आणि दुसऱ्याच क्षणी त्यांच्याच खांद्यावर डोकं ठेवून हमसाहमशी रडू लागली.

"रड, रड," सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "चुकलं माझं. मुलाच्या मागे मी सुनेचंही आयुष्य गिळलं. तू राहा इथं. हो म्हण त्या बाईला. मी लेकीकडे जाते."

"माझ्याकडे?" नणंद धापा टाकत नेमकी तेवढ्यात पोचली होती. "पण आमचं घर तिसऱ्या मजल्यावर..."

"चढेन मी. आत्ताच काय कमी चढ-उतार केलाय?"

नणंद काहीतरी बोलायला गेली आणि तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा वाकडा झाला. "आई... तू कधी म्हणालीच नाहीस गं, तुझ्याकडे येते म्हणून! दर वेळी मी विचारलं की तुझं एकच, 'मला काय कमी आहे, सून आहे ना माझी.' मी पोटची पोर असून पाहुण्यासारखी यायची, फुलं आणायची, सहली काढायची... दुसरं करू तरी काय देत होतीस मला?"

ज्या बाईच्या मिजाशीवर सूनबाई इतकी वर्षं मनात धुमसत आली, तिच्या पोटात हे शल्य होतं! तिनं पुढे होऊन नणंदेचा हात धरला.

"वन्सं, रात्रीचं दूध त्यांना साखर घालूनच लागतं. नको म्हणतील, ऐकायचं नाही."

"आणि तू... तू खरंच इथं राहणार वहिनी? मी तुला न विचारता जागा ठरवली. मला माफ कर गं." नणंदेनं नाक ओढलं. "सुट्टीत मात्र आमच्याकडेच यायचं. हे मी विचारत नाहीय... म्हणजे, विचारतेय. येशील?"

"येईन."

आत मुख्याध्यापिका दारापर्यंत येऊन हा सगळा गोंधळ पाहत उभी होती. सूनबाईनं तिच्याकडे बघून नुसती मान हलवली, आणि मैत्रिणीनं कपाळावर हात मारून हसत दार उघडलं.

वर चढावर गाईड हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. गाडीमागे अख्खा रस्ता तुंबला होता. बघूराव आयुष्यात प्रथमच 'बघू' न म्हणता, "सगळे थांबा! माझी माणसं आहेत ती!" असं ओरडत वाहनं अडवून उभे होते.

ती मघाची मुलगी सूनबाईची ओढणी ओढत होती. सासूबाईंकडे बोट दाखवून तिनं हातांनी विचारलं, ही कोण? सूनबाई क्षणभर थबकली. सासू या शब्दाची खूण तिला येत होती. पण तिच्या बोटांनी आपण होऊन दुसरीच, छोटीशी खूण केली... आई.

"काय विचारत होती गं ती?" सासूबाईंची चौकशी आलीच.

"तुम्ही कोण म्हणून."

"मग? काय सांगितलंस?"

"सांगितलं, भयंकर चिकट म्हातारी आहे, सोडता सोडत नाही."

"अस्सं!" सासूबाईंनी त्या मुलीकडून ती खूण दोन-तीनदा करवून घेतली, आपली वाकडी बोटं तशी जुळवून पाहिली, आणि लेकीचा हात धरून गाडीकडे निघता निघता त्या एकदम मागे वळल्या. डोळ्यांत खोडकर पाणी. सुनेकडे बघत त्यांनी ठसक्यात तीच खूण केली.

"घे! तूही काही कमी चिकट नाहीस!"

सूनबाईनं त्यांची चूक सुधारली नाही.