तीन ठोके आणि एक

काम तसं साधंच होतं. अकरा महिने समुद्राच्या तळाशी ठेवलेला हायड्रोफोन वर काढून आणला होता आणि त्यातलं ध्वनिमुद्रण मला तपासायचं होतं. हायड्रोफोन म्हणजे पाण्याखालचा मायक्रोफोन. देवमाशांचे आवाज, जहाजांची घरघर, सगळं टिपतो. तो फक्त ऐकतो, त्याला बोलता येत नाही.

आमच्याकडे एक रीत आहे. यंत्र पाण्यात सोडण्याआधी, बरोबर बारा वाजता, त्याच्या कवचावर पान्याने ठोके द्यायचे. म्हणजे पुढे यंत्राचं घड्याळ आपल्या घड्याळाशी ताडून बघता येतं. प्रत्येकाचे ठोके वेगळे. हे यंत्र माझ्या दादाने सोडलं होतं. त्याचे तीन सलग, मग जरा थांबून एक. "तो शेवटचा तुझा," असं म्हणून तो मला चिडवायचा. "तू कायम उशिराच येतेस."

यंत्र सोडून परत येताना त्याची बोट उलटली. दादा सापडला नाही. चौथ्या दिवशी वहिनी हात जोडून म्हणत होती, अजून एक दिवस शोधू या. पाण्याचं तापमान, प्रवाह, उलटलेले तास, सगळं गणित मीच मांडलं. एवढा वेळ पाण्यात माणूस जगत नाही, हे मीच तिच्या गळी उतरवलं. शोध थांबवायच्या कागदावर घरच्यांतर्फे सही माझी आहे.

आमच्या ऐकायच्या खोलीला खिडकी नाही. टेबलावर ते यंत्र, त्याला मेलेल्या शिंपल्यांचा वास. मी मुद्रण सुरू केलं. तीन... एक. डोळे भरून आले, पण तेवढी तयारी होती.

दुसऱ्या दिवशीच्या नोंदीत, बाराला, पुन्हा तीन... एक.

आपणच फाइल मागे नेली असणार, असं वाटलं. तारीख पाहिली. बरोबर होती. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी दुपारी शोधाच्या बोटींची इंजिनं ऐकू आली आणि एकेक करून लांब गेली. मग मात्र ठोक्यांना दम धरवला नाही. तीन, एक, तीन, एक... सलग अकरा तास. त्यानंतर पुन्हा रोज बाराला, शिस्तीत. अकरा महिन्यांत एका दिवसाचा खाडा नाही.

मी सरांना बोलावलं. आमचे सर भुतांवर सोडाच, हवामानाच्या अंदाजावरही विश्वास ठेवत नाहीत. त्यांनी बराच वेळ ऐकलं.

"सर, बुडालेल्या बोटीत... तो आत जिवंत होता का?"

"बोट तिथून पंधरा किलोमीटरवर बुडाली," ते हळू आवाजात म्हणाले. "हा आवाज लांबचा नाही. हे कवचावरच ठोकलंय... जवळून."

आम्ही यंत्र फिरवून पाहिलं. सगळीकडे शिंपल्यांचा बोटभर थर होता. दादा जिथे ठोकायचा तेवढीच नाण्याएवढी जागा स्वच्छ होती, मोजली तर पंचवीस मिलिमीटर. रंग उडून आतला धातू चकाकत होता.

वहिनीला मी काहीच सांगितलेलं नाही. काय तोंडाने सांगू? यंत्राची बॅटरी काढून ते कपाटात ठेवलंय, किल्ली माझ्याकडेच असते. आता ते ऐकतही नाही.

काल कपाट उघडून त्या जागेला पुन्हा मोजपट्टी लावली. पाच मिलिमीटरने वाढली आहे.