उघडी वाघूर

"एक ऱ्हायली गं भाईर... ये, बाय, ये."

राहू गावच्या पडीक रानात दगडाबाई अशी हाक द्यायची. मेंढ्या कोंडायची जाळीची वाघूर तीन अंगांनी बांधायची, आणि आपण निजायची त्या अंगाला तोंड उघडं ठेवायची. शेवटची मेंढी आत आल्याशिवाय पाठ टेकायची नाही. छातीतली गाठ मात्र तिनं कुणाला दाखवली नाही. लपवूनच गेली.

तिची लेक सविता, माझी मावसबहीण. हे तिच्या अंगावरून गेलेलं आहे. मी पदरचं एक अक्षर घातलेलं नाही.

२००८ चा वैशाख. दौंडातली लहानशी लॅब. भर दुपार.

सविता कॉम्प्युटरला माणसाची पेशी ओळखायला शिकवायची. पुण्याहून फोटो यायचे. पेशीच्या कडेनं माउसनं रेघ फिरवायची, आतल्या केंद्रकाभोवती दुसरी. तिच्या रेघा बघबघून आता मशीन आपलं आपण गोल काढू लागलं होतं. ती नुसती तपासायची.

दमली होती. दिवाळीपासून तिच्याही छातीत गाठ होती. दिवसभर परक्यांच्या पेशी बघायची, आणि घरी तोंड मिटून भाकरी थापायची.

लोडशेडिंग झालं. पंखा थांबला. बॅटरीवर स्क्रीन तेवढी जागी.

आणि मशीनचे गोल... मिटेनात.

प्रत्येक पेशीची रेघ खालून उघडी. सविता बसली होती त्या बाजूला.

डोळे शिणले असतील, म्हणून ती खुर्ची घेऊन टेबलाच्या डाव्या अंगाला सरकली.

पुढचा फोटो आला.

सगळी तोंडं... डावीकडं.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. खोलीत मात्र ओल्या लोकरीचा वास.

वैशाखात... ओल्या.

मग कानाशी आवाज आला. फार दमलेला.

"एक ऱ्हायली गं भाईर..."

सविता बाहेर पायरीवर येऊन बसली, ती उठलीच नाही. लाईट आल्यावर लॅबवाल्या बाळासोनं एकेक फोटो उघडून बघितला.

"सविताताई, ऊन लागलं का काय? समदे गोल बंद हायेत की!"

खरंच बंद होते.

मग तिनं बघितलं ते काय? मला आजही सांगता येत नाही. पण भर दुपारी स्क्रीनसमोर मी एकटी बसत नाही.

घरी तिचा नवरा हौसराव ओसरीवर बशीतला चहा फुंकत होता.

"काय ओ मास्तरीणबाई, आज लवकर? मशीन नापास झालं व्हय तुमचं?"

तिला हसू आलं नाही. चपलासुद्धा न काढता ती दारात उभी राहिली.

"अवं... माझ्या छातीत गाठ हाय. आईवानीच."