लाभ, दोन, तीन

गोष्ट सुरू होते दोन पापलेटांपासून. भोईवाड्यातल्या सुनंदावहिनींकडे पाव्हणे यायचे होते आणि त्यांनी सकाळीच फोन करून सांगितलं होतं, राधाबाई, बाराच्या आत मोठी बघून दोन आण. राधाबाई म्हणजे माहीम कोळीवाड्यातली. वय अठ्ठावन्न. आवाज असा, की समोरच्या फुटपाथवर झोपलेलं मांजर उठून बसेल. चाळीस वर्षं डोक्यावर टोपली घेऊन परळ-भोईवाडा पालथा घातला, पण रस्ता कधी मधूनच ओलांडला नाय. अख्खी दुनिया डिव्हायडरवरून माकडासारखी उड्या मारते. ही बाई मात्र दोन बिल्डिंगा जास्त चालणार, सिग्नलला थांबणार आणि झेब्राच्या पट्ट्यांवरूनच जाणार. कोणी हसलं तर म्हणायची, तुमी मरा हवं तिथनं, मी हक्काच्या रस्त्यानं जाणार.

आणि जाताना पट्टे मोजणार. डोक्यावर टोपली असली की खाली बघता येत नाय ना, मान वाकली की मासळी रस्त्यावर. पण पांढऱ्या पट्ट्याचा रंग जाड असतो, झिजलेल्या चपलेतनं तो बरोबर पायाला कळतो. आता मोजायचं तर आपण म्हणू एक, दोन, तीन. राधाबाई एक म्हणायची नाय. तिच्या आयेनं मासळीचे वाटे मोजायला शिकवले तेव्हाच सांगून ठेवलेलं, पहिल्याला एक म्हटलं की धंदा एकावरच अडतो. पहिल्याला म्हणायचं लाभ. जुनी माणसं धान्य मापताना म्हणतात, तसंच. लाभ, दोन, तीन, चार... रस्ता संपेपर्यंत.

तर त्या दिवशी बाराचा सुमार होता. ऊन असं की सावली पायाखाली घुसून बसलेली. माणसांचा सिग्नल हिरवा झाला आणि राधाबाईनं पाय टाकला. लाभ. आणि नेमका तेव्हा तो रस्ता गप्प झाला. परळचा रस्ता, भरदुपारी, आणि एक हॉर्न नाय, एक शिट्टी नाय, कावळापण नाय. कुठंच रंगकाम चालू नव्हतं, तरी ताज्या रंगाचा वास आला. डोकं चढवणारा. राधाबाईला वाटलं, उन्हाचं होत असेल. दोन... तीन... चार... टोपलीच्या काठाखालून तिला वाटलं, पुढं कोणतरी चाललंय. नुसत्या टाचा दिसल्या. पाच... सहा...

सातव्याला गाडीनं तिला उडवलं. एक पापलेट डिव्हायडरवर, दुसरं कुणाच्या तरी स्कूटरच्या पायदानात. राधाबाईच्या उजव्या पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं.

खरा लोच्या झाला तो हॉस्पिटलात. जबाब घ्यायला एक नवाकोरा हवालदार आला. वॉर्डात गोंगाट, राधाबाईला दुखण्याचं इंजेक्शन दिलेलं, जीभ जड. ती म्हणाली, लाभ, दोन, तीन म्हणत चालले होते रे मी, पट्ट्यावरनंच. हवालदारानं कागदावर उतरवलं, ‘मी व माझ्यासोबत लाभ नावाची बाई, अशा आम्ही दोन जणी पट्ट्यावरून रस्ता ओलांडत होतो.’ पत्त्याच्या रकान्यात लिहिलं, ‘सदर ठिकाणीच.’ खाली राधाबाईनं सही ठोकली. सही करायला येते याचा तिला भारी अभिमान. वाचून कोण बघतंय.

पाय जुळला, पण वाकडा. टोपली सुटली, हातात काठी आली. नात दिशा कॉलेजातली, तिनं धावपळ करून अनुजा मॅडम नावाची वकील गाठली आणि भरपाईचा दावा लावला. विमा कंपनीनं उत्तर दिलं, की सदर बाई पट्टा सोडून डिव्हायडरच्या फटीतून घुसली, चूक तिचीच. दिशानं ते घरी वाचून दाखवलं तेव्हा राधाबाई जेवत होती. तिनं हात धुतला आणि उठली.

"पैशाचं काय ते मॅडमना बघू दे गो," ती म्हणाली. "मला कागदावर पायजे, की राधाबाई पट्ट्यावर होती. नायतर चाळीस वर्षं मी काय झक मारली?"

एवढीच तिची मागणी. आणि तीच वांद्यात आली, कारण विम्याच्या वकिलानं तो जबाब शोधून काढला. गोरटेला, हसरा माणूस, बोलताना पेनचं टोपण उघडझाक करायची सवय. कोर्टात जजसाहेबांसमोर तो म्हणाला, ही लाभबाई कुठाय? पट्ट्यावर सोबत होती म्हणता, तर आणा. नसेल तर सही करून दिलेला जबाब खोटा. आणि तो खोटा, तर पट्टापण खोटा. अनुजा मॅडमनी समजावलं, की लाभ ही बाई नाय, तो आकडा आहे. अख्खी खोली हसली. टोपणवाला म्हणाला, मग त्या आकड्यालाच समन्स काढा. तो मस्करी करत होता, पण अर्ज त्यानं खरंच दिला. साहेबांनी समन्स काढलं. पत्ता, सदर ठिकाणीच.

कोर्टाचा बेलिफ बिचारा समन्स घेऊन गेला. आता माणूस सापडला नाय तर समन्स त्याच्या दारावर चिकटवायचं, असा त्यांचा कायदा. त्याला दार दिसेना. त्यानं ते झेब्राच्या बाजूच्या सिग्नलच्या खांबाला चिकटवलं, मोबाईलवर फोटो काढला आणि निघून गेला.

तारखेच्या आदल्या दिवशी कोर्टाबाहेरचा एक दलाल दिशाला भेटला. त्याचं म्हणणं, टेन्शन नाय, दोन तासांत लाभ उभी करतो, आधार कार्डासकट. दिशा जरा हलली होती, खोटं कशाला बोला. तिनं आजीला विचारलं. राधाबाईनं काठी अशी आपटली, की खालच्या घरातनं कोणीतरी वर बघून ओरडलं.

"शिळ्या मासळीला पाणी मारून ताजी म्हणून विकली नाय मी कधी. आता माणूस विकू? केस माझ्या पायावर उभी राहील. मोडका असला तरी माझाय."

तारखेला ती हिरव्या काठाचं लुगडं नेसून गेली, केसात अबोलीचा गजरा. लग्नाला चालल्यासारखी. बाकावर ताठ बसली. मागच्या बाकावर तो गाडीवाला बसला होता, भावेश. तिशीतला पोरगा, त्या दिवसापासून अर्धा झालेला. प्रत्येक तारखेला येऊन नुसता जमिनीकडं बघत बसायचा.

बारा वाजले. साहेबांनी मान हलवली आणि शिपाई पुकारा करायला दारात गेला. पहिला पुकारा त्यानं हसत हसत केला.

"लाभ... हाजिर आहे का..."

लांबलचक पॅसेज, दोन्ही बाजूंना फायलींची कपाटं. आवाज जाऊन परत आला. टोपणवाल्यानं टोपण उघडलं, मिटलं.

दुसऱ्या पुकाऱ्याला डोक्यावरचा पंखा हळू झाला. लाईट गेली म्हणावं तर ट्यूब चालू होती. बाहेरचा रस्ता, गाड्या, चहावाल्याची हाक, सगळं एकदम कोणीतरी झाकण लावावं तसं बंद झालं. राधाबाईच्या मानेवरचे केस उभे राहिले. ही शांतता तिला ओळखीची होती. आणि मग तो वास आला... ताज्या रंगाचा.

तिसऱ्या पुकाऱ्याला शिपायाचा आवाज अर्धाच निघाला.

"लाभ..."

"आले."

पॅसेजच्या टोकातनं. बाईचा आवाज. घाई नाय, काय नाय. मग पावलं ऐकू आली. अनवाणी, चिकट. फरशीवरनं सुटताना प्रत्येक पावलाचा च्यक असा आवाज.

दारातनं जी आत आली ती ठेंगणी होती. अंगावर लुगडं होतं, पण त्याचा रंग नंतर कोणालाच सांगता आला नाय. पदर एवढा पुढं ओढलेला, की हनुवटी तेवढी दिसत होती. ती सरळ साक्षीच्या पिंजऱ्यात जाऊन उभी राहिली, आणि तिच्या मागं फरशीवर पावलं उमटली. पांढरी. ओली.

साहेबांनी घसा साफ केला. नाव विचारलं. ती म्हणाली, लाभ. पत्ता विचारला. ती म्हणाली, चिठ्ठी लावली तिथंच. टोपणवाला उठला खरा, पण त्याचं हसू गळालं होतं. या बाईला कशी ओळखता, असं त्यानं विचारलं.

"रोज येते," ती हळू म्हणाली. "पयलं पाऊल टाकते आणि मला हाक मारते. चाळीस वर्षं. दुसरं कोणीच हाक मारत नाय..."

राधाबाईला आपल्याच छातीतले ठोके ऐकू येत होते. लाभ, लाभ, लाभ. हजार वेळा, लाख वेळा. तिनं कधी विचारच केला नव्हता, की आपण मोजतोय का बोलावतोय.

"हाक आली की मी पुढं होते. मग ती दोन. त्या दिवशीपण. मी पुढं, ती मागं. पट्ट्यावरच."

मागच्या बाकावर काहीतरी धपकन पडलं. भावेश उभा राहिला होता आणि त्याच्या हातातली पाण्याची बाटली घरंगळत टेबलापर्यंत गेली. तो विम्याच्या वकिलाकडं बघत नव्हता, वकील खूण करत होता तरी. तो त्या पांढऱ्या पावलांकडं बघत होता. तुटक तुटक बोलत त्यानं सगळं सांगून टाकलं. सिग्नल लाल झाल्यावरपण त्यानं गाडी दामटली होती. समोर पट्ट्यावर ही होती, हीच, हेच पाय. हिला चुकवायला त्यानं स्टेअरिंग फिरवलं आणि मागची टोपलीवाली आडवी झाली. खाली उतरून बघतो तर एकच बाई. दारू प्यायलास म्हणतील म्हणून त्यानं आजवर तोंड उघडलं नव्हतं.

"त्या पट्ट्यावरच होत्या, साहेब," तो म्हणाला. "दोघीपण."

साहेबांनी लिहून घेतलं. त्यांचं पेन कागदावर करकरत होतं तेवढाच आवाज. साक्षीदार पिंजऱ्यातून उतरली आणि जाताना राधाबाईच्या बाकापाशी थांबली. पदर जरा हलला. आत काय होतं ते राधाबाईनं कोणाला सांगितलं नाय, दिशालासुद्धा. पण शब्द दिशानंपण ऐकले.

"मी लई चालले गो पुढं... आता तू."

शिपाई जबाबावर अंगठा घ्यायला मागं धावला. पॅसेजमध्ये कोणी नव्हतं. पांढरी पावलं दारापासून सात मोजली त्यानं. आठवं नव्हतंच. मग पंखा फिरायला लागला आणि बाहेर चहावाला ओरडला.

निकाल लागला. दिशानं मराठीत करून वाचला, ‘अर्जदार बाई पादचारी पट्ट्यावरूनच जात होत्या, त्यांची कोणतीही चूक नाही.’ राधाबाईनं ते वाक्य तिला तीनदा वाचायला लावलं. भरपाईचा चेक बँकेत गेला, पण निकालाची झेरॉक्स लॅमिनेशन करून एकवीरा आईच्या फोटोशेजारी लागली. मासळी घ्यायला कोणी घरी आलं, की आधी तो कागद दाखवायचा, मग वाटा. घरीच बसून ती विकायची आता. आख्ख्या कोळीवाड्यात तिची वट वाढली. विम्यावाल्यांना पाणी पाजलं म्हातारीनं, असं पोरं म्हणायची आणि ती म्हातारी कोणाला म्हणता रे म्हणून काठी उगारायची. एकच बदल झाला. वाटे मोजताना पहिला वाटा ती मुक्यानं ठेवायची. नुसता. मग म्हणायची, दोन.

सात-आठ महिने असे गेले. मग एका संध्याकाळी तोच हवालदार दारात आला. आता जरा जुना झालेला, पोट सुटलेलं. चहा घेतला, लॅमिनेशन बघितलं, स्वतःच्या चुकीवर ओशाळं हसला. मग कागद काढला. परळच्या त्याच पट्ट्यावर मंगळवारी दुपारी बाराला आकांक्षा नावाच्या पोरीला टेम्पोनं उडवलं होतं. जगली, खांदा मोडला. टेम्पोवाला म्हणतो, पोरगी पट्ट्यावर नव्हतीच.

"पोरीनं जबाबात साक्षीदाराचं नाव दिलंय," हवालदार म्हणाला. त्याला पुढचं वाचायचं नव्हतं, पण त्यानं वाचलं. "म्हणते, पुढं एक कोळीण चालली होती. काठी टेकत. वळून म्हणाली, मी लाभ, तू दोन... नाव विचारलं तर राधाबाई."

दिशा लगेच म्हणाली, की शक्यच नाय. मंगळवारी बाराला आजी याच खाटेवर झोपली होती, ती स्वतः शेजारी बसून अभ्यास करत होती. हवालदारानं मान डोलावली. तो तेच ऐकायला आला होता. कागद घडी करून तो उठायला लागला.

राधाबाईनं एकदा भिंतीवरच्या लॅमिनेशनकडं बघितलं. मग पाठ ताठ केली.

"पोरगी पट्ट्यावर होती ना?"

"तसं म्हणते ती."

"मग होती. तारीख सांग. मी येते साक्षीला."

हवालदार कसाबसा हो म्हणाला आणि चप्पल न शोधताच पायऱ्या उतरला. रोजच्यासारखी दिशा खाली बसली, तेलाची वाटी जवळ ओढली आणि आजीचा मोडका पाय मांडीवर घेतला. राधाबाई चार दिवस घराबाहेर पडली नव्हती.

दिशानं तळव्यावरनं बोट फिरवलं आणि हात मागं घेतला. बोटाला पांढरा रंग लागला होता. ओला.